दोन्ही बाजूंनी सुलट

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पैठणी घ्यायला बसलेली जाणती बाई आधी पदर उलटून बघते. मागे सुटे धागे लोंबताना दिसले, की साडी दुकानदारापुढे परत सरकते. हातमागावरच्या अस्सल पैठणीला उलटी बाजूच नसते, आणि माझ्या मते तिचं सगळं रूप तिथूनच उलगडतं.

असावलीचा पदर घ्या. जरीच्या जमिनीवर रेशमाची फुलवेल चढत गेलेली. यातली वेल कापडावर काढलेली नसते. वेल हेच कापड. प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, वेगळी. पाकळीचा गुलाबी धागा पाकळीच्या कडेपर्यंत जातो, शेजारून आलेल्या जरीत अडकतो आणि मागे फिरतो. जरीचा धागाही तिथूनच आपल्या वाटेला वळतो. ओळीमागून ओळ हेच. म्हणून दोन रंगांच्या सीमेवर फट राहत नाही आणि मागे धागा तरंगत नाही. जवळून पाहिलं तर पाकळीची गोलाई बारीक पायऱ्यांची असते. हातभर दूर धरलं की त्या पायऱ्या विरघळतात आणि सोन्यावर मीनाकाम केल्यासारखं रेशीम उठून दिसतं. जुन्या पैठण्यांचं अंग पुष्कळदा सुती असे. साध्या अंगानंतर हा पदर आला की डोळा तिथेच थबकतो.

पेशव्यांना पैठणचं कापड फार प्रिय. माधवरावांनी तांबडे, हिरवे, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी असावली दुपट्टे मागवल्याचं सांगतात. ही रंगांची निवडच बोलकी आहे. सोनेरी जमिनीशेजारी हे पाचही रंग दबत नाहीत.

अशाच गुंतवणीचं विणकाम पेरूमध्येही होतं. इंका राजांचं ‘कुंपी’ हे उंची कापड दोन्ही बाजूंनी सारखंच सुबक असे. १५३२ साली स्पॅनिश आले, राज्य गेलं, पण माग चालू राहिले. भूमितीच्या आकृत्यांशेजारी सिंह आले, फुलं आली. १५६५पासून मनिलाची गलबतं चिनी रेशीम मेक्सिकोला नेऊ लागली, तिथून ते पेरूत पोचलं, तसे पेरूच्या कापडात चिनी पक्षीही उतरले. मला सर्वांत थक्क करते ती या कापडांच्या काठातली लेस. युरोपातली लेस म्हणजे भोकांची कला. तिचं सौंदर्य धाग्याइतकंच मोकळ्या जागेत. पेरूच्या विणकरानं ती भरीव कापडात, नुसत्या रंगाच्या बळावर विणली. नक्षी राज्यकर्त्यांची, पण दोन रंग जोडण्याची रीत त्याच्या आजोबांची. या वस्त्रांचं वजन राज्यकर्त्यांनाही कळत होतं: दुसऱ्या तुपाक अमारूचं स्पॅनिश सत्तेविरुद्धचं बंड मोडल्यावर १७८१मध्ये त्यांनी इंका पोशाखावरच बंदी घातली.

आपल्या नारळी काठाची टोकदार रांग पाहताना मला ती विणलेली लेस हटकून आठवते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी कापडाची कड संपताना तिला दात द्यावेत हे दोन्हीकडच्या हातांना सुचलं. पैठणीनंही बाहेरची नक्षी पचवली. अजिंठ्याचं कमळ तिच्यात आलं. विसाव्या शतकात हैदराबादच्या निजामाच्या सूनबाई निलोफर यांनी काठा-पदरासाठी नवे नमुने सुचवल्याचं सांगतात. गुंतवण तीच राहिली, म्हणून नवं काहीही उपरं वाटलं नाही.

आता पैठण्या विणणाऱ्या येवल्याच्या मागांवर मोरांना मागणी फार. अंगभर बुट्टे, पदरभर मोर, जरीला श्वास घ्यायला जागा नाही. मोर सुंदरच असतात, पण असावलीत दोन फुलांमध्ये जी रिकामी सोनेरी जमीन राहते ती मला त्यांच्याहून मोलाची वाटते. ती जमीनही विणकरानं फुलाइतकीच सावकाश, धागा धागा अडकवून विणलेली असते. घरात लग्नाची खरेदी निघाली असेल, तर मोर बाजूला ठेवून एकदा असावली उलगडायला सांगा.