बदकाचा जाब आणि खोडणारा हात

रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक भक्कम भिंत उभी आहे असे समजावे आणि पडदा जणू वर गेलाच नाही अशा रीतीने नटांनी वागावे, असा सल्ला देनी दिदरो या फ्रेंच विचारवंताने १७५८ साली आपल्या नाट्यविषयक प्रबंधात दिला. या कल्पित भिंतीलाच पुढे 'चौथी भिंत' म्हणू लागले. आपल्याकडे ही भिंत कधी नीट बांधलीच गेली नाही, हे वाचकांना सांगावयास नको. संस्कृत नाटकातला सूत्रधार आरंभीच प्रेक्षकांशी बोलतो. तमाशातला सोंगाड्या गवळणीच्या मध्येच समोर बसलेल्या पाटलाची फिरकी घेतो. गोव्याच्या तियात्रात दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन कांतार म्हणणारा गायक कथानक बाजूला ठेवून राज्यकर्त्यांची खरडपट्टी काढतो. त्यामुळे एखादे पात्र आपल्याकडे वळून बोलले की आपण दचकत नाही, हसतो.

परंतु पात्र प्रेक्षकाकडे न वळता आपल्या कर्त्याकडे वळले तर? त्याने कर्त्याकडे जाब मागितला तर? हा प्रश्न थोर नाटककारांनी हाताळलेला आहे, तथापि माझ्या मते तो सर्वांत नेमकेपणाने मांडला गेला तो मुलांची करमणूक म्हणून बाजूला सारल्या जाणाऱ्या दोन कलाप्रकारांत, कार्टूनपटात आणि संगणकीय खेळात. कारण उघड आहे. नाटकातल्या पात्राला नटाचे शरीर असते. ते लेखकाच्या हातून काही अंशी निसटलेले असते. कार्टूनमधल्या पात्राला मात्र रेषेपलीकडे अस्तित्वच नाही. ज्याने ओढली तोच ती पुसू शकतो.

या कलेच्या अगदी प्रारंभी कर्ता आणि कृती यांचे नाते किती लोभस होते! विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकाराने १९१४ साली शिकागोच्या रंगमंचावर 'गर्टी' नावाची डायनासोर सादर केली. सुमारे दहा हजार चित्रे काढून त्याने तिला हालते केले होते. मॅके स्वतः हातात चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभा राही, तिला आज्ञा करी. ती कधी ऐके, कधी हट्ट करी, आणि तो रागावला की चक्क रडू लागे. मग तो पुठ्ठ्याचे सफरचंद तिच्याकडे फेकल्याचा आविर्भाव करून ते लपवी, आणि त्याच क्षणी पडद्यावरची गर्टी फळ तोंडात झेली. खेळाच्या शेवटी मॅके पडद्यामागे जाई, आणि दुसऱ्याच क्षणी रेषांनी काढलेला मॅके चित्रात अवतरून तिच्या पाठीवर बसून निघून जाई.

उपमा फार ताणू नयेत, हे खरे. पण ज्या समाजाला देहधारणेचे रहस्य लहानपणापासून शिकविले जाते त्या समाजातील प्रेक्षकाने हे दृश्य पाहून क्षणभर थबकू नये, असे कसे होईल? निर्माता बाहेरून चाबूक उगारून थांबत नाही. तो आपल्या निर्मितीच्याच द्रव्याचा होऊन, रेषेचा होऊन, तिच्यात शिरतो.

यानंतर एकोणचाळीस वर्षांनी आलेल्या एका सात मिनिटांच्या कार्टूनपटात मात्र तोच हात निर्दय झालेला दिसतो. चक जोन्स यांनी दिग्दर्शित केलेला आणि मायकेल मॉल्टीझ यांनी लिहिलेला 'डक अमक' हा वॉर्नर ब्रदर्सचा चित्रपट १९५३ सालचा. १९९५ पासून केबलवाल्याच्या कृपेने घरोघरी कार्टून दिसू लागली. त्या काळात ज्यांची मुले लहान होती, त्यांच्या घरातही डॅफी डक हे चिडके बदक येऊन गेले असेल.

गोष्ट अशी. डॅफी तलवारबहाद्दर शिलेदाराच्या वेशात झुंजत पुढे सरकतो आणि एकाएकी त्याच्या मागचे दृश्य संपते. उरतो तो कोरा कागद. तो गोंधळतो, पडद्याबाहेर कुणाला तरी नम्रपणे सांगतो की इथे नेपथ्य हवे. नेपथ्य येते, पण शेतवाडीचे. बिचारा निमूटपणे वेश बदलून शेतकरी होतो. तोवर तिथे बर्फ पडलेले असते. तो बर्फाचा पोशाख करून येतो, तर समोर हवाई बेटाचा किनारा! पुढे तर चित्रकाराचा खोडरबर त्यालाच पुसून टाकतो. मग तो गिटार घेतलेला गुराखी म्हणून परततो, पण आवाज नाहीसा झालेला असतो. आवाज परत मिळतो, पण गिटारीतून बंदुकीचा कडकडाट आणि गाढवाचे ओरडणे. अंगावर भलतेच रंग फासले जातात. डोळे आणि चोच तेवढी ठेवून बाकी सारे पुन्हा खोडले जाते, आणि त्याजागी फुलासारख्या डोक्याचा एक विचित्र प्राणी रेखाटला जातो. वरून पडदा काळ्या डांबरासारखा अंगावर कोसळतो. मध्येच 'समाप्त'ची पाटी येते, ती तो जिवाच्या आकांताने बाजूला ढकलतो. फिल्मची पट्टी घसरून दोन डॅफी समोरासमोर येतात आणि एकमेकांशी भांडू लागतात. विमानातून उडी घ्यावी तर पॅराशूटच्या जागी लोखंडी ऐरण काढलेली!

एवढे सारे सोसूनही डॅफी डॅफीच राहतो, आणि हीच या चित्रपटाची खरी किमया. आकार गेला, आवाज गेला, रंग गेला, पायाखालची जमीन गेली. तरी तो अहंकारी, तापट, मानी आणि मनातून कामसू नट आपल्याला क्षणभरही अनोळखी वाटत नाही. शरीराच्या प्रत्येक खुणेपलीकडे माणसात काही उरते की नाही, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिले आहेत. इथे एका बदकाच्या निमित्ताने हसत हसत उत्तर मिळते.

अखेरीस डॅफीच्या सहनशीलतेचा अंत होतो आणि तो ओरडून विचारतो की या साऱ्याला जबाबदार कोण आहे. त्याने समोर यावे. हा चित्रपट पाहताना मला प्रत्येक वेळी ईयोबाची आठवण होते. गुरेढोरे गेली, मुलेबाळे गेली, अंगाची कातडीदेखील धड उरली नाही. तीन मित्र सांत्वनाला म्हणून आले आणि दोषारोप करून बसले. ईयोबाची मागणी एकच होती: परमेश्वराने समोर यावे, म्हणजे मला माझी बाजू मांडता येईल. फरक आहे, नाही असे नाही. डॅफी काही नीतिमान पुरुष नव्हे. त्याला हवी असते ती प्रेक्षकांची टाळी. पण अकारण छळले जाणे आणि छळणाऱ्याचे तोंड न दिसणे, ही वेदना दोघांचीही आहे.

ईयोबाला वादळातून उत्तर मिळाले. ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे धर्मशिक्षण वर्गातला कोणताही चुणचुणीत मुलगा दाखवून देतो. पण ज्याला तो हाक मारीत होता तो आला, बोलला. डॅफीला काय मिळते? पेन्सिल एक दार रेखाटते आणि ते त्याच्या तोंडावर बंद करते. कॅमेरा मागे सरकतो आणि चित्रफलकाशी बसलेला दिसतो तो बग्ज बनी हा ससा, आपल्या खोडीवर खूष होऊन आपल्याकडे पाहणारा.

पुष्कळ वर्षे मला हा शेवट निव्वळ कोटी वाटत असे. एवढ्या गंभीर प्रश्नाला दिलेली हुलकावणी. आता तसे वाटत नाही. कारण तो ससाही रेघांचाच आहे. त्यालाही कुणीतरी काढले आहे, आणि तो हात आपल्याला अखेरपर्यंत दिसत नाही. छळणारा म्हणून जो दाखविला तो खरा कर्ता नव्हेच. क्रूर लहर दिसली की तिलाच ईश्वर समजण्याची घाई माणूस करतो. जोन्स यांनी ती घाई सशाच्या रूपाने उघडी पाडली, असे मी म्हणेन. त्यांच्या मनात हे होते की नव्हते हा प्रश्न वेगळा. आणखी एक गंमत: बदकाचा आक्रोश आणि सशाचे छद्मी बोलणे हे दोन्ही मेल ब्लँक या एकाच कलावंताच्या कंठातून आलेले आहे.

दोन वर्षांनी, १९५५ साली, जोन्स यांनी हाच डाव उलटवून 'रॅबिट रॅम्पेज' काढला. त्यात ससा छळला जातो आणि खोडरबर असतो एल्मर फड या शिकाऱ्याच्या हाती. तो चित्रपट फसला. ससा हा स्वभावतःच जिंकणारा. त्याची असहायता आपल्याला पटत नाही. ज्याला हरण्याची भीतीच नाही त्याचा जाब पोकळ वाटतो.

आता खेळांकडे वळू. इथे चौथी भिंत पाडण्याच्या युक्त्या उदंड आहेत आणि बहुतेक नुसत्या युक्त्याच आहेत. जपानच्या हिदेओ कोजिमा यांच्या 'मेटल गिअर सॉलिड' (१९९८) या खेळातील सायको मँटिस नावाचा खलपुरुष खेळणाऱ्याच्या मेमरी कार्डात डोकावून त्याने पूर्वी कोणते खेळ खेळले हे सांगतो, आणि कंट्रोलर दुसऱ्या खोबणीत लावल्याशिवाय हरत नाही. मोठी चतुर कल्पना. पण जादूगाराने टोपीतून कबूतर काढावे तशी. टाळी वाजवून आपण घरी जातो.

'अंडरटेल' या खेळाचे तसे नाही. अमेरिकेतील टोबी फॉक्स या तरुणाने बहुतांश एकट्याने तयार केलेला हा खेळ २०१५ साली आला. माझा त्याच्याशी परिचय झाला तो आमच्या धर्मग्रामातील रविवारच्या वर्गात येणाऱ्या नववीच्या एका मुलामुळे. वर्ग सुटल्यावर तो रेंगाळला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, खेळात कुणाला मारले आणि नंतर ते पुसून टाकले, तर ते पापनिवेदनाच्या वेळी सांगायचे असते का?"

मी हसलो, हे मान्य करतो. मग तो काय सांगतो ते ऐकले, आणि पुढल्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन, चष्मा पुसत, तो खेळ पाहिला.

एक मूल भूमिगत राक्षसांच्या राज्यात पडते. समोर येणाऱ्या प्रत्येकाला मारता येते किंवा सोडून देता येते. प्रारंभीच टोरिएल नावाची एक मातृवत्सल राक्षसी त्याला आसरा देते, त्याच्यासाठी बटरस्कॉच आणि दालचिनी घालून पाय भाजते, आणि बाहेरच्या धोक्यात त्याला जाऊ देत नाही. वाट अडविणाऱ्या तिच्याशी झुंजावे लागते. थोडे दुबळे केले की ती बाजूला होईल, अशा समजुतीने पुष्कळ जण वार करतात, आणि एका घावात ती मरते. अर्थातच मुले हळहळतात, सेव्ह केलेल्या जागी परततात, आणि या खेपेस तिला न मारता निघतात. आपला विद्यार्थीही असाच निघाला होता. बाहेर पडताच फ्लावी नावाचे एक हसरे, दुष्ट फूल त्याला भेटले आणि म्हणाले की तू काय केलेस ते मला ठाऊक आहे. तू तिला मारलेस, आणि मग पश्चात्ताप झाला म्हणून मागे गेलास.

खेळाच्या इतिहासात परतून सुधारण्याची सोय ही खेळणाऱ्याची निरागस सवलत मानली जाई. पात्रांना तिचा पत्ता नसे. इथे पात्राला पत्ता आहे. आणखी पुढे, उंच खिडक्यांतून सोनेरी उजेड पडलेल्या एका दालनात सॅन्स नावाचा सांगाडा वाटेत उभा राहून निवाडा करतो. इतर खेळांत ज्या गुणांना 'अनुभव' म्हणतात, ती अक्षरे इथे वधाची मोजणी आहेत, आणि ज्याला आपण 'लव्ह' असे वाचत आलो ती हिंसेची पातळी आहे, हे तो शांतपणे उलगडून सांगतो. ज्या खेळणाऱ्याने एकूण एक जीव संपविला त्याच्यापुढे शेवटी जगच पुसले जाते. पुन्हा खेळ उघडला तर काळोख आणि वाऱ्याचा आवाज. दहा मिनिटे थांबल्यावर एक सौदा पुढे येतो: आत्मा दे, जग परत घे. जो देतो त्याला जग मिळते, पण त्यानंतर कितीही सज्जनपणे खेळले तरी सुखान्तावर डाग राहतो.

इथे माझे या खेळाशी जमत नाही. स्मरण आणि क्षमा यांत फरक आहे. प्रायश्चित्त संस्कारात झालेले घडलेच नाही असे कुणी म्हणत नाही. घडले ते बोलून दाखवावे लागते, आणि तरीही माणूस मोकळा होतो. फॉक्स यांच्या जगात सर्वनाश करणाऱ्यासाठी स्मरण आहे, मोकळीक नाही. परंतु त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली. फ्लावीलाही एके काळी मागे जाण्याची हीच शक्ती होती; त्याने आधी सर्वांशी चांगुलपणाने वागून पाहिले, मग कंटाळला, आणि मारले तर काय होते या निव्वळ कुतूहलाने मारू लागला. द्वेषापेक्षा कुतूहलातून आणि कंटाळ्यातून उतरत जाणारे हे पाप आमच्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येते.

जाता जाता सांगतो, २०१६ साली रोममधील एका संमेलनात मॅथ्यू पॅट्रिक या अमेरिकन यूट्यूब कलाकाराने दिवंगत पोप फ्रान्सिस यांना हाच खेळ भेट दिला होता, तेव्हा जगभरचे तरुण खो खो हसले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये पोपमहोदयांच्या बुधवारच्या भेटीत सर्कशीच्या कलावंतांनी कसरती केल्या त्या नेमक्या सॅन्सशी होणाऱ्या द्वंद्वाच्या संगीतावर. त्या सभागृहातील किती जणांना ते ओळखू आले असेल, देव जाणे.

मूळ प्रश्नाकडे येतो. डॅफीचा जाब चित्रकाराकडे होता. 'अंडरटेल'मध्ये तो आपल्याकडे वळतो, कारण खोडरबर आता आपल्या हाती आहे. कुणालाही न मारता खेळ पूर्ण केल्यावर तो पुन्हा उघडला, की तेच दुष्ट फूल समोर येते. आता त्याच्या बोलण्यात विखार नसतो. सगळे सुखात आहेत, तेवढी एकच गोष्ट त्यांच्यापासून हिरावणारी शक्ती तुझ्यापाशी आहे, असे सांगून ते विनवते की त्यांना जगू दे. पुन्हा आरंभापासून खेळ मांडू नकोस. ईयोबाने, डॅफीने कर्त्याने दर्शन द्यावे म्हणून आकांत केला. इथे पात्र कर्त्याला विनवते, की कृपा करून आता येऊ नकोस.

त्या मुलाला मी काय सांगितले? पाप नाही, असे सांगितले. पण तुला वाईट वाटले ते चांगले झाले, असेही. उत्तर अपुरे होते, हे मला ठाऊक आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही कळले असावे. परवा मिस्सेनंतर भेटला तेव्हा खेळ संपला का म्हणून विचारले. म्हणाला, "संपला सर, कुणालाच न मारता. बाबा म्हणतात संगणकात जागा उरली नाही, काढून टाक. पण काढला नाही, आणि उघडतही नाही."