गोधडीवर नाव कुणाचं?

कापडातून स्वतःचं चित्र शिवायचं म्हटलं की आज चेहराच डोळ्यांसमोर येतो. फोटो घ्यायचा, उजेड-सावलीप्रमाणे गडद-फिके तुकडे कातरायचे, ते जोडून वर टाके घालायचे. मराठवाड्यातल्या गोधडीत असा चेहरा नसतो. तरीही ती शिवणारीचं आत्मचित्र असते. आपल्या कलासमीक्षेनं तिला त्या नजरेनं फारसं पाहिलंच नाही, ही माझी तक्रार आहे.

धारूर तालुक्याचंच घ्या. बालाघाटच्या या कोरडवाहू पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. थंडीचे महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत काढायचे, म्हणून बिऱ्हाडात वाकळ, म्हणजेच गोधडी, लागतेच. वरखाली जुनेर, मध्ये धडपे आणि चिंध्या, कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा. विरलेलं लुगडं, सासऱ्याचं धोतर, लेकराचं झबलं यांतलं दर्शनी काय लावायचं आणि पोटात काय दडवायचं, हे शिवणारीच ठरवते. कोणता रंग कोणाशेजारी बसवायचा, हेही तिचंच. जिथे अशी निवड आहे, मांडणी आहे आणि हाताचं स्वतंत्र वळण आहे, तिथे कलाकृती आहे.

आज या कलेची स्थिती संमिश्र आहे. सुती लुगडी जाऊन सिंथेटिक साड्या आल्या. हे कापड सुईखाली निसटतं, घाम शोषत नाही. पण त्याचे रंग भडक आणि टिकाऊ. त्यामुळे नव्या वाकळी रंगाच्या बाबतीत अधिक धीट झाल्या. मला हा ऱ्हास वाटत नाही. खरी हानी शहरी बाजारासाठी शिवलेल्या कोऱ्या कापडाच्या, ठरीव नमुन्याच्या गोधड्यांत आहे. टाके सुबक असतात, पण शिवणारीचं आयुष्य त्यांत उतरत नाही.

शिवणारी आपल्या कृतीत उघडपणे दिसू शकते. एकोणिसाव्या शतकात बंगालच्या मानदासुंदरी दासीनं वडिलांसाठी कांथा, म्हणजे तिकडची गोधडी, शिवली आणि दोऱ्यानंच तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं. ती कांथा कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयाची झाली. अमेरिकेच्या चित्रकार फेथ रिंगगोल्डनं १९८६ मध्ये स्वतःची छायाचित्रं आणि वजन घटवल्याची कहाणी थेट रजईवर आणली. कृतीमागची बाई कोण, हे या दोघींच्या बाबतीत कुणाला विचारावं लागत नाही.

धारूरच्या किल्ल्याशी तो बांधणाऱ्या किश्वर खानाचं नाव जोडलेलं आहे; त्याच गावच्या गोधडीला मात्र कर्ती नाही. हे बदलता येईल. प्रदर्शनात गोधडी मांडताना, शिवणारीची संमती घेऊन, तिचं नाव, गाव, साल आणि कापड कुणाच्या अंगावरचं होतं, हे लिहिलंच पाहिजे. शाळेतल्या मुलामुलींना आखूड झालेल्या गणवेशांतून स्वतःचं चित्र शिवायला शिकवावं. त्यांनी चेहराही जरूर शिवावा. मात्र आजीच्या वाकळीत आजी कुठे आहे, हे आधी त्यांना वाचता यावं. आणि ते शिकवणं हे समीक्षकाचं काम आहे.