रानकवी म्हणून बोळवण

पावसाळा लागला की जळगाव-धुळ्याकडे महानोरांच्या गाण्यांचे कार्यक्रम लागतात. ३ ऑगस्ट २०२३ ला ते गेले, तेव्हापासून जरा जास्तच. निवेदक गायिकेचं कौतुक करतो, संगीतकार हृदयनाथ मंगेशकरांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो आणि गीतकारापाशी आला की 'आपले रानकवी' म्हणून मोकळा होतो. मागच्या पडद्यावर ज्वारीचं कणीस ठरलेलं.

याला बोळवण म्हणतात.

महानोरांनी गाणी लिहिलेला 'जैत रे जैत' १९७७ चा. जब्बार पटेलांच्या या चित्रपटातलं रान महानोरांचं नव्हतंच. ते सह्याद्रीतल्या ठाकरांचं. लिंगोबाचा डोंगर, राणी माशी, तिच्यावर सूड घ्यायला निघालेला नाग्या भगत ही गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतली दुनिया. महानोर म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेडचा, जळगावात कॉलेजात गेलेला शेतकरी. त्याला तिथलं आयतं काय मिळणार होतं? त्यानं ते घडवलं. त्या गाण्यांच्या ओळी कानांनी वाचून पाहाव्यात. ओळ आखूड, जोडाक्षरं मोजकी, क्रियापदं बोलीतली आणि अनुस्वारावर सुटणारी, म्हणजे गाणाऱ्याला शेवटी सूर मोकळा सोडता येतो आणि ढोलाला जागा मिळते. शिवाय निम्मी गोष्ट गाण्यांतूनच पुढे सरकते. ही गाणी वगळून चित्रपट सांगून दाखवावा कुणी! हे काम मातीच्या वासानं होत नाही, त्याला कसब लागतं.

पुढे 'सर्जा', मग १९९२ चा 'एक होता विदूषक'. पटकथा पु. लं.ची, संगीत आनंद मोडकांचं. फडावरच्या बाईची लावणी आणि लेकराची अंगाई एकाच चित्रपटात, एकाच लेखणीतून. यात रान कुठे आहे?

गाणं शेतात आपोआप उगवतं म्हणणारे लगेच बहिणाबाईंकडे बोट दाखवतात. पण त्यांची गाणी जात्यावर, शेतात काम करताना सुचलेली. त्या १९५१ ला गेल्या आणि दहा वर्षांनी 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यांच्या शब्दांना चाली दिल्या. महानोरांना प्रसंग, पात्र आणि संगीतकार समोर ठेवून लिहावं लागलं. दोघांना एका दावणीला बांधायचं कारण नाही.

आता आजच्या गाण्यांचं. गझलांचे अल्बम येतात, प्रकाशन होतं, विषय संपतो. जीव आहे तो अहिराणी गाण्यांत. 'हाई झुमका वाली पोर' खानदेशाबाहेरच्या वरातींतही वाजलं, आणि ज्या बोलीला शाळेत हसत होते तिच्यावर लोक नाचले. डीजेच्या नावानं नाक मुरडणाऱ्यांनी हे आधी कबूल करावं. तक्रार वेगळी आहे. त्यामागून आलेल्या कित्येक गाण्यांत दागिना बदलतो, पोर तीच राहते. अहिराणीत शेताची, भांडणाची, सासरमाहेरची शब्दसंपत्ती केवढी. गाण्यात त्यातले वीसेक शब्द फिरत राहतात.

दोष ही गाणी लिहिणाऱ्या पोरांचा नाही. ज्यांच्या हाती माइक होता त्यांनी गीतकाराला रानकवी म्हणून शब्द गवतासारखे उगवतात असंच त्यांना शिकवलं. ठाकरांचं गाणं कसं रचलं, लावणीचा ठसका कुठे ठेवला, हे कुणी उलगडून दाखवलं नाही. मग शिकायचं कुणाकडून?

येत्या पावसाळ्यात निवेदकांनी एवढंच करावं. पडद्यावरचं कणीस काढावं आणि म्हणावं, गीतकार ना. धों. महानोर.