मुळी, मंत्र आणि मोजमाप

कार्ल्याच्या पंचक्रोशीत साप चावला की कुणी आजही आधी भगताकडे धावतो. मुळी खरी की खोटी, एवढे विचारून भागत नाही. कशावर खरी, हे पाहावे लागते. डॉ. रुस्तम जाल वकील यांचा १९४९ चा सर्पगंधेवरील लेख याचा वस्तुपाठ आहे. परंपरेने ही मुळी सर्पदंशावर आणि वेडावर दिली जाई. मुंबईत डॉ. वकील यांनी रुग्णांचे रक्तदाब मोजून उच्च रक्तदाबावर तिचा गुण दाखवला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले गेले. त्याने काही रुग्णांना उदासी येते, हेही पुढे नोंदले गेले. सर्पदंशाचा दावा मात्र सिद्ध झाला नाही. वर्गात दोन्ही सांगावे: मुळीचा अभ्यास जरूर करा, साप चावल्यावर मात्र सर्पविषावरील लस मिळेल असे रुग्णालयच गाठा.