कुष्ठजंतूंचे संवर्धन आणि गणन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वरोरा म्हटले की आनंदवनाचे स्मरण होते. १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यास करीत असताना बाबा आमटे यांनी जंतुप्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले, असे त्यांच्याविषयीच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. प्रयोगशाळेत काचेची बशी असताना माणसाचे शरीर का लागावे? या प्रश्नाच्या आधारे जंतुसंवर्धन व जंतुगणन पद्धतींच्या मर्यादा तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संवर्धनाची मर्यादा :
हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठजंतू पाहिला; परंतु कृत्रिम माध्यमावर तो अद्याप वाढविता आलेला नाही. त्यामुळे शुद्ध संवर्धनाची कॉख यांची अट येथे पूर्ण होत नाही. १९५८ मध्ये मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातील बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीपासून एक जंतू वाढविला. पुढे त्यापासून लसही तयार झाली. मात्र तो कुष्ठजंतूहून भिन्न मायकोबॅक्टेरियम ठरला. १९६० मध्ये शेपर्ड यांनी उंदराच्या पायाच्या तळव्यात कुष्ठजंतू वाढविला. तेथे त्याला दुप्पट होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे विषाणूप्रमाणेच या जंतूलाही जिवंत आश्रय हवा असतो.

गणनेची मर्यादा :
वसाहती मोजताना त्या माध्यमावर वाढू शकणारे जंतूच मोजले जातात. याउलट, त्वचेच्या लेपाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना मृत व जिवंत दोन्ही मोजले जातात. विषाणूंबाबतही हेच घडते : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सर्व कण दाखवितो, तर प्लाक पद्धत संसर्गक्षम कणच मोजते. कुष्ठरोगाचा जंतुनिर्देशांक ० ते ६ असा असतो. पूर्ण बहुविध औषधोपचारानंतरही मृत जंतू त्वचेत दीर्घकाळ राहत असल्याने तो काही वर्षे शून्यावर येत नाही. केवळ या आकड्यावरून बऱ्या झालेल्या माणसाला संसर्गजन्य ठरविणे हे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय अन्यायकारकही आहे.

समारोप :
आपले विद्यार्थी प्रात्यक्षिक वहीत 'जंतू आढळले नाहीत' असे लिहितात आणि आपण त्यावर स्वाक्षरी करतो. वास्तविक 'या माध्यमावर, या तापमानास, इतक्या तासांत जंतू वाढले नाहीत' एवढेच लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे. पद्धतीची मर्यादा निष्कर्षातच नोंदविण्याची शिस्त अध्यापकांनी प्रथम स्वतःला लावून घेणे आवश्यक आहे. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसरातील महाविद्यालयांवर ही जबाबदारी विशेषत्वाने येते.