मूकपटाचा पोशाखी प्रेक्षक

स्कॉटलंडमध्यें फोर्थच्या खाडीकांठीं बोनेस नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील हिप्पोड्रोम हें चित्रगृह १९१२ सालीं उघडलें आणि जीर्णोद्धारानंतर २००९ मध्यें पुन्हां सुरू झालें. २०११ पासून तेथें मूकपटांचा महोत्सव भरूं लागला. त्यांतील एका रात्रीं प्रेक्षकांनीं जुन्या काळचा पोशाख करून यावें, असें सुचविण्यांत येतें. मग मण्यांचे झगे, पिसांचे शिरोभूषण, काळे कोट यांनीं सभागृह शोभूं लागतें.

यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. नाटकाला जरीकांठी नेसून जाणाऱ्या आपल्या समाजानें तर मुळींच हंसूं नये. माझी शंका निराळी आहे. हा पोशाख नक्की कोणाचा? १९१२ सालचें बोनेस म्हणजे कोळशाच्या खाणी, मातीच्या भांड्यांचे कारखाने आणि बंदर. तेथला मजूर मण्यांच्या झग्यांत वावरणाऱ्यांपैकीं नव्हता. ते झगे त्यानें पाहिले ते पडद्यावर. म्हणजे आजचा हौशी प्रेक्षक आपल्या पणजोबांचें सोंग घेत नाहीं. पणजोबा ज्यांच्याकडे टक लावून पाहत, त्यांचें घेतो. पडदा आणि खुर्ची यांमधील तें अंतर बुजलें, कीं मूकपटाची निम्मी धार गेलीच. चॅप्लिनचा कोट तोकडा आणि विजार ढगळ कां, हें मखमलींत बसून समजेल. परंतु झोंबणार नाहीं.

याच महोत्सवांतील दुसरी एक प्रथा मला अधिक अस्सल वाटते. पूर्वीं तिकडील गरीब मुलें मुरंब्याची रिकामी बरणी देऊन चित्रपट पाहत. त्या आठवणीदाखल एका खेळाला बरणी आणणारास तिकिटांत सवलत देतात. त्या एका बरणींत जेवढा इतिहास आहे, तेवढा सगळ्या पिसांत मिळून नाहीं.

आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशनमध्यें लागला. त्याच्या खेळाला पगड्या घालून व नऊवारी नेसून जमण्याची टूम उद्यां कोणी काढलीच, तर एवढें आठवावें कीं, त्यांतील तारामतीचें लुगडें अण्णा साळुंके या पुरुषाला नेसावें लागलें. फाळक्यांना त्या कामासाठीं स्त्री मिळाली नाहीं. आणि तो चित्रपटहि आज सबंध उरलेला नाहीं.

मी अशा खेळाला जाईन तो माझ्या रोजच्या कोटांत, आणि चौकशी करीन ती साथीला कोण बसणार व यंत्र किती वेगानें फिरविणार याची. सेकंदाला सोळा-अठरा चित्रांच्या गतीनें टिपलेलीं माणसें चोवीसच्या गतीनें पिटाळलीं, म्हणजे हरिश्चंद्रसुद्धां स्मशानांत दुडदुडूं लागतो.