चीक, सोऱ्या आणि ऊन

पुरणपोळीच्या ताटात डाव्या बाजूला, भज्यांना टेकून, एक पांढरी जाळीदार वस्तू ठेवलेली असते. पंगतीतली माणसं बोलता बोलता तिचा तुकडा मोडतात, कटाच्या आमटीत बुडवतात आणि पुन्हा बोलण्याकडे वळतात. कुरडईकडे नीट बघून ती खाणारा माणूस विरळा. 'तळण' म्हणून तिला पापड, सांडगे आणि साबुदाण्याच्या पापड्यांच्या रांगेत बसवलं की आपण मोकळे. पण वाळवणाच्या साऱ्या पसाऱ्यात इतक्या पायऱ्यांनी घडणारी, प्रत्येक पायरीवर बिघडू शकणारी आणि जमली की काहीच कष्ट पडले नसावेत अशी दिसणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. पापडात काय काय घातलं ते जिभेला कळतं: उडीद, हिंग, मिरी, पापडखार. कुरडईत घालायचं जवळजवळ काहीच नसतं. तिची सगळी कला काढून टाकण्यात आहे.

सुरुवात गव्हापासून. रब्बीचा नवा गहू घरात येतो तेव्हा उन्हाळा तोंडावर असतो, म्हणजे मालही ताजा आणि ऊनही. चीक जास्त कशाला सुटतो यावरून गव्हाच्या जातीची निवड होते, आणि या बाबतीत जुन्या बायका दुकानदाराचं ऐकत नाहीत. निवडलेला गहू तीन दिवस पाण्यात. रोज जुनं पाणी ओतायचं, नवं भरायचं. सांगायला एवढंच; पण पहिली मेख इथेच आहे. पाण्यात राहून गहू फुगतो, साल सैल पडते आणि दाणा हळूहळू आंबायला लागतो. हे आंबणं हवंच असतं, त्याशिवाय दाणा आतलं पिष्ट सोडत नाही. मात्र ते हाताबाहेर गेलं तर कुरडईला आंबट वास लागतो आणि रंग काळवंडतो. रोज पाणी बदलण्याचा अर्थ हा: आंबणं चालू ठेवायचं आणि लगामही धरायचा. पुरे झालं हे कळतं बोटांना. दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध सुटायला हवं आणि मागे नुसती साल उरायला हवी. कॅलेंडरात तीन दिवस मोजणाऱ्यांपेक्षा ही चिमूट जास्त खरी, कारण एप्रिलातले तीन दिवस आणि फेब्रुवारीतले तीन दिवस सारखे नसतात.

मग वाटणं. पूर्वी पाट्यावर, आता बहुतेक घरी मिक्सरवर किंवा गिरणीत. वाटलेला गहू पाण्यात कालवून फडक्यातून पिळायचा, पुन्हा पाणी, पुन्हा पिळायचा, पाणी पांढरं येईनासं होईपर्यंत. चोथा फडक्यात राहतो, दुधासारखं पाणी पातेल्यात उतरतं. मग ते पातेलं रात्रभर कुणी हलवायचं नाही, धक्का लावायचा नाही. पिष्ट पाण्यापेक्षा जड. ते आपल्या गतीने तळाशी बसतं. सकाळी वर पिवळसर निवळ पाणी असतं आणि खाली घट्ट, पांढराशुभ्र चीक.

आता जे होतं ते मला साऱ्या कृतीतलं सर्वांत देखणं वाटतं, आणि ते बघायला सहसा कुणी उभं नसतं. पातेलं तिरपं करून निवळ ओतायची. सुरुवातीला धार मोठी चालते. पाणी उतरत आलं की हात आपोआप मंदावतो, कारण निवळ आणि चीक यांच्या सीमेवर एक पातळ, मळकट थर असतो. गव्हातलं जे बारीकसं नको होतं, फडक्यातून निसटलं होतं, ते इथे जमा होतं. निवळीबरोबर हा थर जायला हवा आणि त्याखालचा चीक मात्र जायला नको. कुरडईचा शुभ्रपणा या काही क्षणांत ठरतो. सवयीची बाई ओतता ओतता थांबते, उरलेलं पाणी वाटीने काढते, थर चमच्याने अलगद खरवडते. नवखी एक तर घाईने चीक सांडते, नाही तर भीतीने थर ठेवून देते, आणि मग वर्षभर तिच्या कुरडया ताटात किंचित मळक्या दिसतात. कुणी विचारलं तर ती गव्हाला दोष देते.

गव्हातून असं पिष्ट काढणं माणसाला फार पूर्वीपासून अवगत आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या केटोने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात ही कृती दिली आहे: गहू भिजवायचा, पाणी घालत राहायचं, दहाव्या दिवशी पिळून नव्या कापडातून साय काढायची, उन्हात वाळवायची आणि पुढे दुधात शिजवायची. आपल्याकडच्या चुलीवरही गरम चीक दूध-साखर घालून खातात, तेव्हा केटो आपल्या घरी पाटावर बसला असता तर त्याला फारसं परकं वाटलं नसतं. फक्त सोऱ्या बघून तो चकित झाला असता. चोथाही वाया जात नाही. त्यात लसूण, जिरं, तिखट-मीठ घालून वड्या घालतात. रंगाने तपकिरी, चवीने रांगड्या. कुरडईच्या नाजूकपणाचा कंटाळा आलेल्यांसाठी त्या उत्तम.

शिजवण्यात प्रमाण सोपं आहे. जेवढा चीक साधारण तेवढंच पाणी, त्यात मीठ, हिंग. पाण्याला खळखळून उकळी आली की चीक धारेने सोडायचा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. धार आणि ढवळणं यांचा ताल चुकला की गाठी होतात, आणि गाठ झालेला चीक पुढे सोऱ्याच्या भोकात अडकून सूड घेतो. पण माझ्या मते इथली खरी जाण मिठाची आहे. चीक ओला असताना चाखला तर तो किंचित अळणीच लागला पाहिजे. पुढे ऊन त्यातलं पाणी काढून घेणार आहे, मीठ मात्र तिथेच राहणार आहे. आज जिभेला बरोबर लागलेलं मीठ जूनमध्ये खारट लागतं. म्हणजे चाखणारीला आजची चव सोडून दोन महिन्यांनंतरची चव ओळखायची असते. मोठ्या बल्लवांना जमणार नाही असं हे काम घराघरांतल्या आज्या डोळ्यांनी मीठ घालून करत आल्या आहेत.

झाकण ठेवून वाफ आणली की पांढरा चीक बदलतो. अपारदर्शक, चुन्यासारखा होता तो काचेसारखा चमकायला लागतो. ओलं बोट लावून बघायचं. बोटाला चिकटला नाही तर झाला. याच वेळी मुलं वाट्या घेऊन ओट्याभोवती जमतात. कुणी दूध-साखर घालून घेतं, कुणी तूप, कुणी कच्चं तेल आणि तिखट. कोणता प्रकार श्रेष्ठ यावर घरात दोन तट पडतात. मी तेल-तिखटाच्या बाजूचा आहे. गोड चीक पोटभरीचा होतो. तिखट चिकात हिंगाचा वास वर येतो आणि आंबण्याची ती मागची हलकी चव जिभेला सापडते, जी दूध-साखर पार झाकून टाकते.

थांबायला मात्र वेळ नसतो. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून उतरतो. निवला की आखडतो, दांडा दाबता दाबत नाही आणि तारा तुटक येतात. म्हणून एकीने शिजवायचं, दुसरीने सोऱ्या भरायचा, तिसरीने घालायच्या. कुरडया 'घालायच्या' असतात, करायच्या नसतात. गच्चीवर पसरलेल्या ओल्या धोतरावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर सोऱ्या धरला की बारीक भोकांच्या चकतीतून तारांची जुडी खाली येते आणि मनगट दोन-तीन वेढे घेतं. बघणाऱ्याला वाटतं, आकार गोल यावा म्हणून हात फिरतोय. पण खरं लक्ष उंचीकडे असतं. सोऱ्या कागदाच्या फार जवळ धरला तर तारा एकमेकींवर दाबल्या जाऊन लगदा होतो. थोडा वर धरला की तार आपल्या वजनाने वळते, खालच्या तारेवर टेकते आणि दोघींमध्ये हवा राहते. या हवेतूनच पुढे ऊन आत शिरणार आणि त्याच वाटेने तेलही. वेढे सैल पण सुटे नाहीत, एकमेकांत गुंतलेले पण चिकटलेले नाहीत: सरावलेल्या हाताची कुरडई ओळखायची ती इथे. गच्चीवर शंभर कुरडया घातलेल्या असल्या तरी कोणती ओळ कुणाच्या हातची, हे घालणाऱ्या बायका लांबून सांगतात.

उन्हाविषयी थोडकंच. एप्रिल-मेमधलं देशावरचं, खानदेशातलं, विदर्भातलं कोरडं ऊन हा या कृतीतला न विकत घेता येणारा जिन्नस आहे. कोकणातल्या दमट हवेत तांदळाच्या फेण्या, पोह्यांचे मिरगुंड, आंब्याची साठं यांची परंपरा मोठी झाली, पण तिथे गहूही घरचा नव्हता. कुरडई घाटावरचीच. भल्या पहाटे घालायची ती पहिल्या दिवसाचं पूर्ण ऊन मिळावं म्हणून, संध्याकाळपर्यंत ती कागदापासून सुटायला हवी. मग उलटायची, आणखी दोन-तीन दिवस खडखडीत वाळवायची. कावळ्यांसाठी काळी छत्री, वळवासाठी आभाळावर नजर, आणि राखणीला घरातलं सर्वांत रिकामं माणूस. वाळलेली कुरडई हातात घेतली तर वजन जाणवत नाही आणि दोन एकमेकींवर टेकवल्या तर काचेसारखा किणकिणता आवाज येतो. हा आवाज आला की डबे भरायचे.

इथवर जे झालं ते तेलाविना अर्धवट आहे. कढईतलं तेल चांगलं तापलेलं असावं, धूर येण्याच्या थोडं अलीकडे. कुरडई सोडली की ती आधी बुडते, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच प्रत्येक तार एकाच वेळी फुलते. मुठीत मावणारी वस्तू कढईभर होते. चीक शिजला तेव्हा पिष्टाचे कण पाणी पिऊन फुटले होते. उन्हाने ते वाळवून कडक केले, पण थोडासा ओलावा आत कोंडून ठेवला. तापलेल्या तेलात त्या ओलाव्याची क्षणात वाफ होते, ती कडक पिष्टाला मऊ करून फुगवते आणि तार पोकळ, हलकी होऊन थांबते. तेल कोमट असलं तर वाफ हळूहळू निसटून जाते, कुरडई फुलत नाही, तेल मात्र पिते.

आणि तिचा रंग बघा. पापड क्षणभर जास्त राहिला की तांबूस होतो, भजं तर तांबूस व्हायलाच हवं. कुरडई शुभ्र फुलते आणि शुभ्रच बाहेर येते. तेलात पदार्थ तांबूस होतो तो मुख्यतः त्यातल्या प्रथिनांमुळे आणि साखरेमुळे. इथे तीन दिवसांच्या बदललेल्या पाण्याने, फडक्याच्या पिळण्याने आणि त्या सकाळी ओतलेल्या निवळीने ती बरीचशी आधीच काढून टाकलेली असतात. त्या पहाटे चमच्याने खरवडलेल्या मळक्या थराचा हिशेब असा महिन्यांनी, कढईत लागतो. तांबूस झालेली कुरडई पाहिली की तळणाऱ्याला दोष देण्याआधी मला पातेलं तिरपं करणारा हात आठवतो.

खानदेशात आखाजीला माहेरी आलेल्या लेकींच्या ताटात आमरसाशेजारी कुरडई असते, आणि ही जोडी पुरण-कुरडईपेक्षाही मला सरस वाटते. रस जड, गोड, मऊ. त्याच्यापुढे हिची खारट, पोकळ कुरकुर. एक तुकडा रसात बुडवला की तो मऊ पडायच्या आत तोंडात जायला हवा, म्हणून हे खाणं थोडं चपळाईचं. उरलेला चुराही टाकायचा नसतो. न तळलेली कुरडई कोमट पाण्यात भिजवून कांदा, मिरची, मोहरीवर परतली की पावसाळ्यात भाजीचा प्रश्न एका संध्याकाळपुरता तरी सुटतो.

पापडाने गच्ची सोडून बरीच वर्षं झाली. 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन एका गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. कुरडईचं असं काही झालं नाही. ती बचतगटांकडे मिळते, उत्तमही मिळते, पण पापडाएवढ्या जागेत ती मूठभरही मावत नाही आणि प्रवासात मोडते. बाजारातल्या गुलाबी आणि हिरव्या कुरडया रुखवताच्या चौरंगावर शोभतील, ताटात नकोत. ज्या वस्तूतून रंग काढून टाकायला चार दिवस लागले, तिला पुडीतला रंग चढवणं मला तरी पटत नाही.

तेव्हा यंदा नात्यात, शेजारात कुठे कुरडयांचा घाट घातला जाणार असेल तर आदल्या रात्रीच विचारून ठेवा आणि सकाळी सातच्या आत पोचा. जाताना वाटी न्या. आठनंतर गेलात तर सोऱ्या फिरवायला मिळेल, चीक मिळणार नाही.